आधी विचार, मग सांग

आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळाला, गट साधन केंद्रात विशेष शिक्षिका म्हणून रुजूही झालीस. आता पोरांच्या मायबापांशी बोलायचं कसं, तेवढं ऐकून घे पोरी.

रोवणीच्या दिवसांत भर दुपारी कुणाच्या दारी जाऊ नको. लाखांदूर-पवनीकडे तेव्हा माय धानाच्या बांधीत असते; तू बसलीस की तिची मजुरी बुडते. मी एकदा गेले होते, तक्ते घेऊन. अर्धा तास बौद्धिक अक्षमतेच्या पातळ्या समजावल्या. बाईच्या पायांना चिखल, लक्ष पऱ्ह्यांच्या पेंढ्यांवर. शेवटी उगाच विचारलं, ‘याला भूक लागली की कसं कळते तुम्हाला?’ म्हणाली, ‘पितळी पालथी घालते. बाहेर जायचं असलं की माझी चप्पल आणून देते.’ माझ्या चाचणीत त्याच पोराला संवादात शून्य होतं! त्या दोन खुणा मी त्याच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत सगळ्यात वर लिहिल्या.

‘रोज अर्धा तास सराव घ्या’ असं सांगू नको, तो अर्धा तास तिच्याकडे नसतोच. ताटं मांडताना मोजणी होते, शेंगा सोलताना बोटं वळतात. आणि आजीलाही समोर बसव. दिवसभर पोर तिच्याच अंगावर असतं.

आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. थंडीत पोर आठ दिवस आलं नाही म्हणून आईला बेफिकीर ठरवू नको, ते हाडं दुखून तळमळत असेल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेलही आहे, हे तूच घरी सांग. प्रमाणपत्रासाठी भंडाऱ्याला पाठवण्याआधी कागद स्वतः तपास. एका झेरॉक्सपायी दुसरा हेलपाटा म्हणजे आणखी एक रोजी गेली.

‘बरा होईल का?’ हे विचारतीलच. खोटा हो देऊ नको. ‘वर्षभरात आपल्या हातानं जेवेल का, ते पाहू’ एवढं म्हण, आणि त्याच्यामागे लाग. गळ्यात ताईत दिसला तर हसू नको. फिट्सची गोळी चालू आहे ना, तेवढं विचार.

बाप बहुधा खाटेवर गप्प असतो. त्याला भाषण देऊ नको, काम दे. चमच्याला जाड मूठ बसवायला सांग, धरून चालायला अंगणात बांबूचे दांडे ठोकायला सांग. एकानं माझ्या मापाला नावं ठेवली आणि दांडे वीतभर खाली घेतले. बरोबर तोच होता.