वेखंड : उपयोग आणि खबरदारी

वेखंड ही पाणथळ जागी वाढणारी बहुवर्षायू वनस्पती होय. तिची पाने तलवारीच्या पात्यासारखी लांब असून ती चुरगळली असता सुगंध येतो. जमिनीत आडवे वाढणारे पेरेदार खोड औषधात वापरतात. आयुर्वेदात हिला वचा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ती अकोरस कॅलॅमस या नावाने ओळखली जाते.

लागवड : ज्या सखल जमिनीत पाणी साचून राहते, तेथे हे पीक घेता येते. पावसाळ्याच्या आरंभी भातखाचराप्रमाणे चिखलणी करून, डोळे असलेले खोडाचे तुकडे 30 सेंटिमीटर अंतरावर लावावेत. सुमारे एका वर्षाने पाने पिवळी पडू लागली म्हणजे काढणी करावी. खोडे धुऊन, त्यांचे 5 ते 7 सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते सावलीत वाळवावेत. कडक उन्हात त्यातील सुगंधी तेल उडून जाते.

कीटकनाशक गुण : पुस्तकांत व लोकरी कपड्यांत वेखंड ठेवण्याची चाल जुनी आहे, व ती सकारण आहे. वेखंडाच्या तेलातील बीटा-असारोन या द्रव्यामुळे कित्येक किडींची प्रजननशक्ती नष्ट होते. म्हणून बियाण्याच्या साठ्यात वेखंडाची पूड मिसळणे उपयुक्त ठरते. असे बियाणे मात्र खाण्यासाठी वापरू नये.

पोटात घेण्यातील धोका : जे द्रव्य किडीस मारक ठरते, तेच मनुष्याच्या पोटातही जाते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. उंदरांवरील प्रयोगांत या तेलामुळे आतड्यात कर्करोगाच्या गाठी झाल्याचे आढळले; त्यावरून अमेरिकेत 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी करण्यात आली. सर्व वेखंडात हे द्रव्य सारखे नसते. जातीनुसार त्याचे प्रमाण पुष्कळ बदलते, आणि ते नुसते पाहून किंवा वास घेऊन कळत नाही.

आयुर्वेदानेही वेखंड मोकळेपणाने दिलेले नाही. ते शुद्ध करूनच वापरावे, असा दंडक आहे. प्रौढांसाठी चूर्णाची मात्रा 60 ते 120 मिलिग्रॅम सांगितली असून 1 ते 2 ग्रॅम चूर्ण वांती करविण्यासाठी देतात. म्हणजे औषध व वांतिकारक यांत फार तर दोन चिमटींचे अंतर आहे.

बाळगुटी : आपल्याकडे गुटीत वेखंड सहाणेवर उगाळून देतात. एक वेढा की दोन, हे माप हाताच्या दाबावर, सहाणेच्या खरखरीतपणावर व वेखंडाच्या जातीवर अवलंबून असते. त्यास नेमकेपणा नाही. शिवाय पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे, असा आरोग्यशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे. तेव्हा तान्ह्या मुलास वेखंड चाटवू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही ते पोटात घेऊ नये. टाळूस पूड लावण्याची चाल असल्यास ती बाळाच्या नाकातोंडात जाऊ देऊ नये.

कार्यकर्त्यांसाठी : घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी ही गुटी मायेनेच दिलेली असते, म्हणून त्यांना दोष न देता कारण समजावून सांगावे. वेखंड पोटात गेल्यावर मूल सारखे ओकू लागले, किंवा त्यास गुंगी आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व उगाळलेला तुकडा सोबत घ्यावा.