आपल्याच संघावर टीका : निष्ठा की द्रोह?

घरातले भांडण चव्हाट्यावर नेऊ नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. जो ही मूठ उघडतो त्याला ‘घरभेदी’ म्हणतात, आणि या शब्दामागे बिभीषण उभा असतो. रावणाला बिभीषणाने जसे सुनावले तसेच कुंभकर्णानेही सुनावले होते, हे मात्र आपण विसरतो. एक बोलून निघून गेला, दुसरा बोलून त्याच रावणासाठी रणात पडला. म्हणजे टीका करणारे सगळे एकाच जातीचे नसतात. त्यांच्यातील भेद कसा ओळखावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणे घेतली आहेत ती फुटबॉलच्या मैदानावरची. याचे कारण असे, की तेथे टीका करणारा, टीका झालेला संघ आणि पुढचा निकाल या तिन्ही गोष्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात.

तीन वाटा

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हा छोटासा ग्रंथ लिहिला. एखादी संस्था घसरणीला लागली की तिच्या सभासदांपुढे दोन मार्ग असतात, अशी त्यांची मांडणी आहे. पहिला मार्ग निघून जाण्याचा, दुसरा बोलण्याचा. तिसरी गोष्ट निष्ठा. ही स्वतंत्र वाट नसून पहिल्या दोहोंमधील निवड ती ठरविते. ज्याला संस्थेविषयी आपुलकी आहे तो लगेच निघून जात नाही, थांबून बोलतो.

हर्शमन यांना हा विचार नायजेरियातील रेल्वेकडे पाहून सुचला. रेल्वेचा कारभार बिघडला तेव्हा माल पाठविणारे लोक मुकाट्याने ट्रककडे वळले. ज्यांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती तेच आधी निघून गेले, आणि रेल्वे सुधारावी म्हणून दबाव आणणारे कोणी उरले नाही. यातून निघणारा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. संस्थेतील शांतता हे नेहमीच तिच्या प्रकृतीचे लक्षण नसते. पुष्कळदा बोलणारे निघून गेलेले असतात, एवढाच तिचा अर्थ असतो.

सायपान, २००२

आता मैदानाकडे वळू. २००२ च्या विश्वचषकासाठी आयर्लंडचा संघ पात्र ठरला होता. पात्रता फेरीत त्याने नेदरलँड्ससारख्या संघाला मागे टाकले होते. कर्णधार रॉय कीन मँचेस्टर युनायटेडचाही कर्णधार होता आणि त्या काळातील अव्वल मध्यरक्षकांत गणला जात होता. स्पर्धेपूर्वी संघ प्रशांत महासागरातील सायपान या बेटावर गेला. तेथील सरावाचे मैदान टणक व ओबडधोबड होते आणि साहित्यही वेळेवर पोचले नव्हते. इतरांनी हे हसण्यावारी नेले, कीनला ते सहन झाले नाही. त्याच्या दृष्टीने हे नुसते गैरसोयीचे प्रकरण नव्हते. आपण लहान देश आहोत, येथवर आलो हेच पुष्कळ, ही वृत्ती त्याला त्यात दिसत होती.

त्याने आपले मत ‘आयरिश टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत उघडपणे मांडले. प्रशिक्षक मिक मॅकार्थी यांनी सर्व खेळाडूंची बैठक बोलावून त्या मुलाखतीचा जाब विचारला. इराणविरुद्धच्या सामन्याला दुखापतीचे निमित्त करून तू आला नाहीस, असा आरोपही त्याच बैठकीत झाला. मग कीनचा तोल सुटला. सगळ्यांसमक्ष त्याने प्रशिक्षकावर शिव्यांची लाखोली वाहिली आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच त्याला घरी पाठविण्यात आले.

सुमारे ४० लाख वस्तीचा तो देश दोन तटांत विभागला गेला. खुद्द पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. कर्णधाराविना संघ खेळला आणि बरा खेळला. कॅमेरून व जर्मनीशी त्याने बरोबरी साधली, सौदी अरेबियाला ३-० असे हरविले आणि उपउपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर तो पराभूत झाला. कीनवाचून काही अडले नाही, असे एका तटाने म्हटले. तो असता तर स्पेनचा अडसर ओलांडला असता, असे दुसऱ्याने. हा वाद पुढे रंगभूमीवरही गेला. २००५ साली डब्लिनमध्ये ‘आय, कीनो’ हे विडंबनात्मक संगीत नाटक आले.

मात्र एक गोष्ट वादापलीकडे नोंदली गेली. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने जेनेसिस या सल्लागार संस्थेकडून चौकशी करविली. तिच्या अहवालाने तयारी आणि नियोजन यांतील उणिवांवर बोट ठेवले. संघटनेचे सरचिटणीस ब्रेंडन मेंटन यांनी पद सोडले. मॅकार्थी यांनीही २००२ च्या नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. कीनचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे होते. पण ते खरे ठरले तेव्हा विश्वचषक संपलेला होता.

म्युनिक, २००९

दुसरे उदाहरण फिलिप लामचे. हा मूळचा म्युनिकचा, बायर्न म्युनिक क्लबच्या कुमार संघातून वाढलेला बचावपटू. नोव्हेंबर २००९ मध्ये बायर्नची कामगिरी मनासारखी होत नव्हती. क्लबची परवानगी न घेता लामने ‘झ्यूडडॉयचे त्सायटुंग’ या दैनिकाला मुलाखत दिली. त्याचा मुद्दा नेमका होता. बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड यांसारखे क्लब आधी खेळण्याची पद्धत ठरवितात आणि मग तिला साजेसे खेळाडू घेतात. आपण मात्र चांगले खेळाडू विकत घेतो आणि ते मैदानावर कसे बसवायचे याचा विचार नंतर करतो. थोडक्यात, धोरणच नाही.

क्लबने त्याला दंड केला. क्लबच्या इतिहासातील हा तोवरचा सर्वांत मोठा दंड होता असे सांगितले गेले. पण त्याला काढून टाकले नाही, त्याच्या म्हणण्यावर त्याच्याशी चर्चा केली. त्या मोसमात बायर्नने जर्मन लीग आणि जर्मन चषक जिंकला, चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरीही गाठली. २०११ च्या आरंभी लाम क्लबचा कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली २०१३ साली बायर्नने तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि २०१४ साली जर्मनीने विश्वचषक.

फरक कोठे पडला?

दोघेही आपापल्या संघातील आघाडीचे खेळाडू, दोघांनीही वृत्तपत्राचा आधार घेतला, दोघांचाही रोख खऱ्या दोषांवर होता. मग एकाची परिणती हकालपट्टीत आणि दुसऱ्याची कर्णधारपदात का झाली? माझ्या मते तीन कारणे संभवतात.

पहिले कारण वेळेचे. लाम मोसमाच्या मध्यावर बोलला, सुधारणेला अवकाश होता. कीन स्पर्धेच्या उंबरठ्यावर बोलला, तेव्हा मैदान बदलणेही शक्य नव्हते. दुसरे कारण विषयाचे. लामची टीका पद्धतीवर राहिली. कीनचा वाद बैठकीत पोचेपर्यंत व्यक्तीवर आला, आणि व्यक्तीवर आलेला वाद कोणीतरी हरल्याशिवाय मिटत नाही. तिसरे कारण ऐकणाऱ्याचे, आणि ते आपण बहुधा विचारात घेत नाही. बायर्नने शिस्तभंगाला शिक्षा केली आणि मुद्दा मात्र ऐकून घेतला. सायपानमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे भान कोणालाच राहिले नाही. म्हणून सगळा दोष कीनच्या जिभेवर टाकणे न्याय्य होणार नाही. भर सभेत एखाद्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतल्यावर त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणे कठीणच.

तिसऱ्या प्रकारचे उदाहरण २०२२ चे. ख्रिस्तियानो रोनाल्डोने दूरदर्शनवरील मुलाखतीत मँचेस्टर युनायटेडवर आणि प्रशिक्षक एरिक टेन हाग यांच्यावर टीका केली. २२ नोव्हेंबर रोजी परस्परसंमतीने त्याचा करार संपला. क्लबमधील सुविधा वर्षानुवर्षे सुधारल्या नाहीत हा त्याचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. पण आपला योग्य मान राखला गेला नाही, ही तक्रार त्याच्या जोडीला असल्याने ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडेच गेले. हर्शमन यांच्या भाषेत सांगायचे तर येथे आवाज हा निर्गमनाचा दरवाजा झाला.

समारोप

यावरून टीकाकाराला लावायच्या कसोट्या हाती लागतात. तो सुधारणेला वाव असताना बोलतो का? दोष कार्यपद्धतीत दाखवितो की माणसात? आणि सर्वांत महत्त्वाचे, बोलून झाल्यावर तो दुसऱ्या दिवशी सरावाला हजर असतो का? कीनला या शेवटच्या कसोटीवर अपात्र ठरविणे मला जड जाते. २००४ साली तो पुन्हा आयर्लंडकडून खेळला आणि २०१३ पासून काही वर्षे त्याच राष्ट्रीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होता.

आपल्या महाविद्यालयातही संघ आहेत, मंडळे आहेत, नाटकाच्या तालमी आहेत. निवड चुकली, तयारी अपुरी पडली, हे आपण कट्ट्यावर बोलतो. बैठकीत मात्र माना डोलावतो आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. नायजेरियाच्या रेल्वेचे गिऱ्हाईक याहून निराळे काय करीत होते? बोलणाऱ्याने लामकडून संयम शिकावा. पण ऐकणाऱ्यांनीही, विशेषतः ज्यांच्या हाती निवड आणि निर्णय असतात त्यांनी, शिस्तीचा प्रश्न आणि सत्याचा प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय लावून घ्यावी. तसे झाले तर कुंभकर्णाला वेळीच जागे करता येईल आणि बिभीषणाला लंका सोडण्याची पाळी येणार नाही.