अनुवंश आणि संख्याशास्त्र

'खाण तशी माती' ही म्हण आपण वारंवार ऐकतों. आईबापांचे गुण मुलांत उतरतात हें खरें. परंतु कोणता गुण कोणत्या मार्गानें उतरतो, हें ठरविणें सोपें नाहीं. मेंडेल यांनीं वाटाण्याच्या वेलींवर प्रयोग करून १८६६ सालीं अनुवंशाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनीं निवडलेले गुण स्पष्टपणें वेगळे होते: फूल जांभळें किंवा पांढरें, बीं गुळगुळीत किंवा सुरकुतलेलें. मनुष्याची उंची अशी दोन कप्प्यांत बसत नाहीं. अनेक घटकांचे अल्प अल्प परिणाम एकत्र होऊन असा गुण मेंडेलच्या नियमांना धरूनच कसा उतरतो, हें रोनाल्ड फिशर यांनीं १९१८ सालीं गणितानें दाखविलें.

आतां हे घटक शोधावयाचे कसे? आपल्या पेशींतील अनुवंशद्रव्य म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा ग्रंथच होय. त्याची वर्णमाला मात्र चारच अक्षरांची. दोन माणसांचे ग्रंथ ताडून पाहिल्यास ते बहुतेक सारखेच आढळतात. क्वचित् एखाद्या जागीं अक्षर निराळें असतें. रोगी व निरोगी असे दोन गट घ्यावेत, निराळें अक्षर कोणत्या गटांत अधिक वेळां येतें तें मोजावें, आणि तेवढा फरक केवळ यदृच्छेनें पडण्याचा संभव किती, हें गणितानें काढावें. अशी ही पद्धति आहे.

उतारवयांत दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजून दृष्टि मंदावते, असा एक नेत्ररोग आहे. २००५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ९६ रोगी व ५० निरोगी माणसें घेऊन प्रत्येकाच्या सुमारे १ लाख जागा तपासल्या. तेव्हां पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकाशीं या रोगाचा दृढ संबंध दिसून आला. हें जनुक शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेस आवर घालणारें द्रव्य तयार करतें. डोळ्याच्या विकाराचें एक मूळ कोठें शोधावें, याची दिशा अशी मिळाली.

या वाटेवर खड्डेही आहेत. पहिला यदृच्छेचा. एका विद्यार्थ्यानें दहा वेळां नाणें उडविलें व दहाही वेळां छापा पडला, तर आपण चकित होऊं. पण हजार विद्यार्थ्यांनीं तसें केलें, तर एखाद्याच्या हातून तें घडणें नवलाचें नाहीं. त्याचप्रमाणें विसांत एक एवढा संभव पुरेसा मानला, तर १ लाख जागांपैकीं सुमारे ५,००० जागा निष्कारण दोषी ठरतील. म्हणून कसोटी लाखपट कडक करून २० लाखांत एक अशी ठेवावी लागते. आज संपूर्ण ग्रंथ तपासतांना २ कोटींत एक ही कसोटी रूढ आहे.

दुसरा खड्डा मिश्र लोकवस्तीचा. लँडर व शॉर्क यांनीं १९९४ सालीं एक कल्पित उदाहरण दिलें. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत काड्यांनीं जेवण्याचें कौशल्य तपासलें, तर आशियाई लोकांत अधिक आढळणारें एखादें अक्षरच त्याचें कारण भासेल. वास्तविक तें कौशल्य घरच्या वळणाचें! शिवाय शेजारचीं अक्षरें पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उतरतात. म्हणून दोषी ठरलेलें अक्षर खऱ्या कारणाचें केवळ शेजारीही असूं शकतें.

२०२२ सालीं सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशीं निगडित १२,१११ जागा नोंदल्या गेल्या. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीच्या भिन्नतेचा सुमारे ४० टक्के भाग त्यांवरून सांगतां येतो. इतरांत पुष्कळच कमी, कारण तपासलेले लोक बहुतांशीं युरोपीय वंशाचेच होते. जेथील लोक मोजलेच नाहींत, तेथें हें ज्ञान तोकडें पडतें.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें ध्यानीं घ्यावें कीं, संभव म्हणजे विधिलिखित नव्हे. उंचीस पोषण लागतें. वरील नेत्ररोग धूम्रपानानेंही बळावतो. आईबापांकडून आलेलें अक्षर आपणांस बदलतां येत नाहीं, परंतु ताटांतील अन्न व अंगच्या संवयी यांवर आपली सत्ता चालते. म्हणून कोणत्याही मुलास 'याच्या रक्तांतच नाहीं' असें म्हणण्यापूर्वी, आपण किती मोजलें व काय मोजलें, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.