पथ्यातील कोद्रव-श्यामाक : ग्रंथात, शेतात आणि औषधालयात

स्थौल्य वा प्रमेहाच्या रुग्णास पथ्य सांगताना यव, मुद्ग, कुलत्थ यांच्याबरोबर आपण कोद्रव व श्यामाकही लिहून देतो. मूग व कुळीथ रुग्णास मिळतात. कोद्रव कोठे मिळेल, असे त्याने विचारले की आपली अडचण होते. औषधी द्रव्याविषयी इतके अज्ञान आपण खपवून घेतले नसते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अ. २७) कोरदूष म्हणजे कोद्रव व श्यामाक ही धान्ये कषाय-मधुर, लघु, शीत, वातल, कफपित्तघ्न, संग्राही व शोषक सांगितली आहेत. एक विसंगती मात्र अभ्यासकास थांबविते. निदानस्थानात (अ. २) रक्तपित्ताच्या हेतूंत कोरदूषप्रधान अन्न आहे आणि चिकित्सास्थानात (अ. ४) रक्तपित्ती रुग्णाच्या भोजनातही कोरदूष आहे. निदानातील उल्लेख अतिउष्ण-तीक्ष्ण अन्न, निष्पाव, माष, कुलत्थाचे सूप व क्षार यांच्या संयोगातील आहे, हे लक्षात घेतले की उलगडा होतो. धान्य तेच, संयोग, मात्रा व रुग्ण भिन्न. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ही धान्ये सरसकट सर्वांस अमृततुल्य म्हणून खपविली जातात. कृश, रूक्ष, मलावष्टंभी रुग्णाने तीच रोज खाल्ली तर वातप्रकोप व्हायचाच. हे सांगण्याचे काम आपले आहे.

आता नावांविषयी. कोद्रव म्हणजे विदर्भातील कोदो, कोकण-कोल्हापूरकडील हरीक. श्यामाक म्हणजे सावा. कंगु म्हणजे राळा. यालाच प्रियंगु असेही म्हणतात, म्हणून औषधालयात 'प्रियंगु' मागितल्यास गहुला हाती पडण्याचा संभव असतो. बाजारातील भगर ही बहुधा वरीची, कधी साव्याची असते. वरी व सावा ही भिन्न धान्ये असल्याने श्यामाकाच्या जागी भगर सुचविताना ती कशाची, हे विचारून घ्यावे. शिवाय पांढरीशुभ्र भगर पॉलिश केलेली असते. कोंडा गेलेले धान्य देऊन शोषक गुणाची अपेक्षा ठेवणे आम्हांस रास्त वाटत नाही.

ही पिके डोंगरउताराच्या वरकस जमिनीची. सह्याद्रीच्या पट्ट्यात नाचणी, त्यानंतर वरी, मग खुरासणी व पुढे जमीन पडीक, असा फेर असे. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे वरी अजून घेतली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले एकादशी' हा तिचा सुधारित वाणही दिला आहे. खत व पाणी फारसे न मागणारे हे पीक मागे पडण्यात सडण्याच्या कष्टाचा वाटा मोठा आहे. टणक टरफल उखळात सडता सडता घरच्या बाईचा दिवस जातो. गावात यंत्र नसेल तर शेतकरी धान्य व्यापाऱ्यास घालतो. सरतेशेवटी पेरणेच सोडतो आणि घरात राखलेले बियाणे एक-दोन हंगामांत नाहीसे होते. मग ग्रंथातील नाव उरते, द्रव्य उरत नाही.

साठवणीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. शूकधान्य वर्षभर जुने घ्यावे, असे चरकाचार्य सांगतात. परंतु जुने म्हणजे दमट नव्हे. कापणीच्या वेळी भिजलेल्या कोद्रवावर बुरशी धरते व तो विषारी होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मृत्यू पावले. तपासणीत कोदोमधील सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष आढळले. आपल्याकडेही उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या वार्ता वारंवार येतात. सुटे पीठ तर औषधालयात ठेवूच नये.

औषधालयांच्या मालकांस आमची विनंती अशी की, तालुक्यातील दोन-तीन वैद्यांनी मिळून वर्षाची गरज काढावी आणि रोहिणी नक्षत्रापूर्वीच एखाद्या शेतकऱ्यास वा बचत गटास भावासह सांगावी. पेरणीनंतरची मागणी निरुपयोगी. माल टरफलासह, कडक उन्हात वाळविलेला घ्यावा. टरफलात तो चांगला टिकतो. सडून घ्यावा तो महिन्याच्या विक्रीपुरताच, पॉलिश न करता. पाकिटावर धान्याचे स्थानिक नाव, गाव व हंगाम लिहावा. भाव बाजारातील भगरीपेक्षा चढा पडेल. तो रुग्णास समजावून सांगण्याची जबाबदारी पथ्य लिहिणाऱ्या वैद्याने घ्यावी, दुकानदारावर टाकू नये.