मिसो लावायचा, मग पुसायचा कशाला?

प्रश्न : एका जपानी रेस्टॉरंटमध्ये मिसोत मुरवून भाजलेला मासा खाल्ला आणि तेव्हापासून तो घरी करायचा ध्यास लागला आहे. कृती शोधली, तर त्यात मिसो लावून मासा दोन दिवस ठेवा आणि भाजण्याआधी पुसून टाका, असं लिहिलं आहे. पुसायचाच तर लावायचा कशाला? शिवाय आमच्या ओटीजीत, सुरमई घेऊन हे जमेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जमेल, आणि सुरमई ही तडजोड मुळीच नाही. जपानमध्ये मिसोत मुरवण्यासाठी जे मासे पूर्वापार घेतात त्यांत सावारा हा मानाचा. सावारा आणि आपली सुरमई यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, स्कॉम्बरोमोरस. रेस्टॉरंटमध्ये तुम्ही खाल्लात तो बहुधा ‘ब्लॅक कॉड’ असावा. उत्तर प्रशांत महासागरातला हा तेलकट मासा नोबु मात्सुहिसा या शेफने अमेरिकेत गाजवला. त्यांचं बेव्हर्ली हिल्समधलं रेस्टॉरंट १९८७ सालचं. पदार्थ मात्र त्याहून खूप जुना, क्योतोचा. क्योतो समुद्रापासून दूर. वाकासाच्या उपसागरातून मीठ लावलेली मासळी डोंगर ओलांडून तिथे येई. त्या वाटेला आजही साबा काइदो, म्हणजे बांगड्यांचा रस्ता, म्हणतात. अशा शहरात मासा टिकवण्याच्या युक्त्यांना फार मोल असतं, आणि क्योतोचा गोडसर पांढरा मिसो त्यासाठी हाताशी होताच.

आता पुसण्याबद्दल. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी. कोजी म्हणजे तांदळावर किंवा जवावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. तिच्यातली विकरं प्रथिनं तोडून अमिनो आम्लं तयार करतात. त्यांतलंच एक ग्लुटामिक आम्ल. त्याची चव किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून वेगळी काढून दाखवली होती. मासा मिसोत असताना मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं, आणि मीठ, साखर व ही चव हळूहळू आत उतरते. म्हणजे मिसोचं काम फ्रीजमध्येच संपतं. वर उरलेल्या थरात भरपूर साखर असते. मासा शिजण्याआधी ती काळी पडून कडवट होते. म्हणून पुसायचं. धुवायचं मात्र नाही, कारण ओल्या पृष्ठभागावर रंग चढत नाही.

चार तुकड्यांना (प्रत्येकी साधारण २ सेंटिमीटर जाड, कोळीणबाईंना तसं आधीच सांगा) अर्धा चमचा मीठ लावून २० मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी कागदाने टिपून घ्या. मासळीचा उग्र वास बराचसा त्याबरोबर जातो. ४ मोठे चमचे पांढरा मिसो, २ मोठे चमचे मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोड जपानी राइस वाइन) आणि १ मोठा चमचा साखर एकत्र करून तुकड्यांना सगळीकडून लावा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. एक रात्र पुरते, दोन दिवस उत्तम. मिरिन नसेल तर दीड मोठा चमचा पाणी आणि थोडी जास्त साखर घ्या. लाल मिसो खारट असतो, तो निम्माच घ्या आणि एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका. हात हळदीकडे, आलं-लसणाकडे, आगळाकडे जाईल, तो आवरा. आंबट पदार्थात रात्रभर राहिलेला मासा भाजल्यावर कोरडा, भुसभुशीत लागतो.

ओव्हनचं म्हणाल, तर जपानी स्वयंपाकघरात मासा सहसा त्यात भाजतच नाहीत. तिथल्या गॅसच्या शेगडीतच, बर्नरच्या खाली, मासे भाजायचा एक अरुंद खण असतो आणि त्यात आच वरून लागते. ओटीजीत तेच साधायचं आहे. २०० अंशांवर आधी तापवून घ्या, ट्रेवर बेकिंग पेपर घाला, ट्रे वरच्या खाचेत ठेवा. १० ते १२ मिनिटांत सुरमई होते. मग फक्त वरची कॉइल चालू ठेवून दोन मिनिटं, आणि ही दोन मिनिटं तिथून हलू नका. कडा तपकिरी होताच बाहेर काढा. मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून पाहा : मांस अपारदर्शक होऊन पापुद्रे सुटत असतील तर झालं. सुरमईला ब्लॅक कॉडइतकं तेल नसतं, त्यामुळे पाच मिनिटं जास्त झाली तरी ती कोरडी पडते.

सोबत साधा भात, पण बासमती नको. मावळचा इंद्रायणी चिकट असतो, जपानी भाताच्या तो बराच जवळचा. पांढरा मुळा किसून, हलका पिळून बाजूला ठेवा आणि लिंबू पानात घ्या.

चांगलं पापलेट मिळालं, तर त्याचेही काटे काढलेले तुकडे असेच करून पाहा. क्योतोत मिसोत मुरवतात तो मानागात्सुओ पापलेटाचाच भाऊबंद आहे. त्याला एक रात्र भरपूर झाली, आणि ओव्हनमध्ये ८ मिनिटांनीच डोकावून बघायला लागा.