कमरेवरचे ओझे : सुतारकामाचा टूल बेल्ट कसा निवडावा?



मागच्या पावसाळ्यात विहारातल्या आरोग्य शिबिरात एक तरुण आला. वय २८, काम सेंट्रिंगचे, म्हणजे शटरिंग सुताराचे. त्याच्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली होती. चिमटा काढला तरी कळत नव्हता, पण रात्री तिथेच मुंग्या येत, आग होई, पँटचे कापड घासलेलेही सहन होत नसे. एका खाजगी दवाखान्यात मणक्याची गादी सरकली असेल असे सांगून एमआरआय काढायला लावला होता. मुकादमाकडून उचल घेऊन त्याने तो काढला. त्यात काही सापडले नाही. घरच्यांनी ठरवून टाकले होते की आता हे काम सोडायचे आणि वॉचमनची नोकरी बघायची. हातात कसब असलेला मुलगा, महिन्याची निम्मी कमाई जाणार होती.

आम्ही त्याला एवढेच विचारले, "कामावर कमरेला काय बांधतोस?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो साइटवरून तसाच पट्टा घेऊन आला. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर ६ किलो ४०० ग्रॅम भरला. हातोडी, पक्कड, पाना, टेप, आणि जवळजवळ २ किलो खिळे. बहुतेक सगळे उजव्या बाजूला. पट्टा दोन बोटे रुंदीचा. खाली घसरू नये म्हणून रोज सकाळी तो श्वास रोखून शेवटच्या भोकापर्यंत आवळत होता.

कमरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा. जे रुंद हाड लागते त्याच्या कडेने बोट पुढे आणले की एक टोकदार उंचवटा लागतो. या उंचवट्याच्या आतल्या बाजूने, जांघेच्या वरून, एक नस मांडीच्या बाहेरच्या कातडीकडे जाते. तिचे काम फक्त संवेदना पोहोचवणे. अरुंद, आवळलेला पट्टा त्या जागी तासन्‌तास दाबत राहिला की मांडी बधिर होते, जळजळते. डॉक्टर याला 'मेराल्जिया पॅरेस्थेटिका' म्हणतात. नाव भीतीदायक आहे, दुखणे तसे नाही. ही नस स्नायू हलवत नाही, त्यामुळे पायाची ताकद जात नाही. दाब काढला की बहुतेकांना काही आठवड्यांत, काहींना काही महिन्यांत आराम पडतो. पोट सुटलेल्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो, म्हणून अशी तक्रार असेल तर साखर एकदा तपासून घ्यावी. घट्ट जीन्स घालणाऱ्या मुलामुलींनाही हा त्रास होतो, हे जाता जाता सांगतो.

मात्र सगळेच दुखणे पट्ट्याच्या माथी मारू नका. पायाचा पंजा उचलता येत नसेल, पायातली शक्ती कमी होत असेल, दोन्ही पाय एकदम जड पडले असतील, बसण्याच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. तिथे पट्टा सैल करून भागणार नाही.

आता निवडीकडे वळू. आपल्याकडे टूल बेल्ट विचारपूर्वक विकत घेण्याची रीत फारशी नाही. कोणी सिमेंटच्या गोणीची पिशवी सुतळीने बांधतो, कोणी जुन्या पँटचा पट्टा वापरतो. गावगाड्यात सुतारकी ही सुताराचीच, आपल्या माणसाने वाकसाला हात लावायचा नाही. आज आपली मुले आयटीआयमधून सुतारकाम शिकतात, नाक्यावरून सेंट्रिंगला जातात, शहरात मॉड्युलर किचन बसवतात. कसब मिळवले; पण पिढीजात सुताराच्या घरात बाप मुलाला हत्यार कुठे अडकवायचे, कसे धरायचे हे न सांगता शिकवून जातो, ते आपल्या मुलांना कोणी शिकवलेले नसते. म्हणून हे लिहिण्याची गरज वाटली.

पहिली गोष्ट रुंदी. पट्टा निदान ३ इंच रुंद असावा. आतून जाड गादीची पट्टी असलेला मिळाला तर आणखी चांगला. वजन तेवढेच असले तरी ते रुंद जागेवर पसरले की कोणत्याही एका बिंदूवर दाब कमी येतो. डोक्यावर हंडा घेताना आपल्या आया-बहिणी चुंबळ ठेवतात, तेच हे.

दुसरी गोष्ट माप. पँटचा नंबर सांगून पट्टा घेऊ नका. कामाचे कपडे घालून, कमरेच्या हाडांवरून टेप फिरवून माप घ्या. मधल्या भोकात बक्कल बसले पाहिजे. उन्हाळ्यात बनियनवर आणि थंडीत स्वेटरवर पट्टा बांधताना दोन्हीकडे सोय राहते. पट्ट्याचा भार कमरेच्या रुंद हाडांवर बसला पाहिजे. पोटावरही नको आणि घसरून जांघेवरही नको. बांधल्यावर पट्टा आणि शरीर यांत चार बोटे सपाट सरकली पाहिजेत, आणि उकिडवे बसल्यावर पोटाला काचता कामा नये. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, फार ताणलेली तार वाजत नाही आणि फार सैल सोडलेलीही वाजत नाही. शिबिरात आम्ही पट्ट्याबद्दल हेच सांगतो तेव्हा म्हातारे उपासक हसतात, पण पोरांच्या लक्षात राहते.

पट्टा आवळल्याशिवाय थांबतच नसेल तर दोष आवळण्याचा नाही, ओझ्याचा आहे. अशा वेळी खांद्यावरून जाणारे पट्टे, म्हणजे सस्पेंडर, जोडावेत. थोडा भार खांद्यांवर जातो आणि कंबर सैल ठेवता येते. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा हमखास खाली घसरतो, त्याने सस्पेंडरशिवाय जड पट्टा वापरूच नये. हे पट्टेही रुंद हवेत. दोरीसारखे असले तर दुखणे कमरेवरून मानेवर जाईल.

मग मांडणी. ज्या हाताने ठोकता त्या बाजूला हातोडी, दुसऱ्या बाजूला खिळे. यानेच दोन्ही बाजूंचा तोल बराचसा साधतो. जड वस्तू कमरेच्या बाजूंना किंवा किंचित मागे ठेवा. समोर लटकवल्या तर कंबर पुढे ओढली जाते, पाठीचा बाक वाढतो, आणि वाकले की पक्कड जांघेत रुतते. पाठीच्या मधोमध, मणक्यावर मात्र काहीही नको, टेपसुद्धा नको. माणूस पाठीवर पडला तर ती वस्तू थेट मणक्यात घुसते. पटाशी आणि पेचकस टोक खाली करून, टोक झाकेल अशा खिशात ठेवावेत. टोक वर असलेला पेचकस घेऊन वाकणारा माणूस आम्ही वॉर्डात पाहिला आहे. बरगडीखाली जखम झाली होती, थोडक्यात वाचला.

वजन कमी करण्याचा मार्ग फुकटचा आहे. दिवसभर सगळी हत्यारे अंगावर वागवू नका. स्लॅबची फळी ठोकताना रंधा कशाला? तासाभराला लागतील तेवढेच, म्हणजे मूठ-दोन मुठी खिळे घ्या, बाकीचे डब्यात राहू द्या. ड्रिल मशीन कमरेला अडकवण्याची नवी फॅशन आली आहे, ती आम्हाला अजिबात पसंत नाही. काम झाले की खाली ठेवावे. जेवणाच्या सुट्टीत पट्टा सोडा. पट्टा बांधून मोटारसायकलवर तर मुळीच बसू नका.

चामड्याचा घ्यावा की नायलॉनचा, असे पुष्कळदा विचारतात. चामडे टिकते आणि हळूहळू अंगाला बसते, पण जड असते. पावसाळ्यात भिजून कडक होते, बुरशी धरते. आपल्याकडचा पाऊस पाहता नायलॉन किंवा जाड कॅनव्हास बरा: हलका, धुता येतो. पट्टा नेहमी शर्टावरून बांधा. घामाने भिजलेल्या पट्ट्याखाली गजकर्ण फार लवकर होते, आणि मग मेडिकलमधून कोणतीही ट्यूब आणून लावली जाते. त्यांपैकी पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, मग गजकर्ण दुप्पट पसरते. डॉक्टरला दाखवूनच औषध घ्या.

विकतचा चांगला पट्टा परवडत नसेल तर शिवून घेता येतो. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी जुन्या जीन्सच्या चार घड्या घालून, आत जुन्या सतरंजीची पट्टी टाकून पट्टा शिवून दिला. खिसे वेगळे शिवून पट्ट्यात ओवता येतील असे केले, म्हणजे काम बदलले की खिसे बदलता येतात. हातोडीसाठी जुन्या चपलेचा अंगठा वापरला होता!

आता सर्वांत महत्त्वाचे. साइटवर 'बेल्ट' म्हटले की दोन वेगळ्या वस्तूंचा घोळ होतो. टूल बेल्ट हा सेफ्टी बेल्ट नाही. त्याला दोर अडकवून उंचावर काम करू नका. पडलात तर त्याचे बक्कल किंवा शिवण उसवेल. नाही उसवली तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसेल. उंचीवर पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, ज्याचे पट्टे मांड्या आणि खांद्यांवरून जातात. आधी हार्नेस घालावा, मग वरून टूल बेल्ट बांधावा, आणि हार्नेसची कडी त्याखाली दबू देऊ नये. हातोडीला छोटी दोरी बांधून ती पट्ट्याला अडकवा. वरून निसटली तर खाली कोणाचे तरी डोके असते.

हार्नेस मागायला लाजू नका. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला तो त्यांच्याच कारकिर्दीत मांडलेल्या दुरुस्तीने. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नोंदीत कामगाराला मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो, त्यात हार्नेस आणि हेल्मेट असते. सेंट्रिंग सुतार यात बसतो, आणि त्याच साइटवर घमेली उचलणारी त्याची बायकोही बसते. तिची नोंदणी मात्र बहुतेक घरांत राहून गेलेली असते. ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदार सही करत नसेल तर शहरात महानगरपालिका-नगरपालिका, गावात ग्रामपंचायत यांच्याकडे विचारा. कागदपत्रे घेऊन रविवारी विहारात या, फॉर्म भरायला आम्ही बसतो.

त्या तरुणाने नवा रुंद पट्टा घेतला, सस्पेंडर लावले, ओझे ३ किलोच्या आत आणले. मांडीची जळजळ तीन आठवड्यांत थांबली. बधिरपणा पूर्ण जायला अडीच महिने लागले. काम त्याने सोडले नाही. पट्ट्याला खिळ्यांचा चांगला ऐसपैस खिसा आहे, तरी अजून चार खिळे दातांत धरून ठोकतो. ठसका लागला तर खिळा श्वासनळीत जाईल, हे त्याला तीनदा सांगून झाले आहे. आता त्याच्या आईला सांगितले आहे.