रानहळदीला उन्हाळ्यात पाणी नको

आंब्या-फणसाखाली फुलझाड तगत नाही, म्हणून ती जागा पडीक ठेवण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या जंगलात झाडांच्या सावलीतच वाढणारी रानहळद तिथे उत्तम येते. जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ च्या मुंबई आणि परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तिची नोंद केली. पावसाळ्यात तिचे कणीस वर येते. खालच्या हिरव्या छदांच्या खोबणीत पिवळी फुले एकेक करून डोकावतात, आणि शेंड्याला गुलाबी-जांभळा तुरा असतो. फूल लवकर मलूल होते, तुरा मात्र कितीतरी दिवस टिकतो. इतकी चिवट वनस्पती बागेत आणल्यावर बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी उगवत नाही. दोष सावलीला दिला जातो. खरा घात उन्हाळ्यातले पाणी करते.

यावर रास्त शंका येते: घाटात हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा कंद बादलीभर पाण्याने कसा कुजेल? पावसात पाने आणि मुळे जोमात असतात, पाणी ओढून घेतात, आणि उतारावरचे जास्तीचे पाणी वाहूनही जाते. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडून वाळतात, तेव्हा कंद झोपी जातो. पाणी घेणारे कोणीच उरत नाही. ओल्या, उबदार मातीत मग बुरशीचे फावते आणि कंदकूज लागते. हळद पिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बेण्याचे गड्डे तोही अक्षय तृतीयेपर्यंत सावलीत कोरडेच ठेवतो. म्हणून ज्या सुपारीच्या बागेत उन्हाळाभर शिंपणे चालते, तिथे रानहळद जमिनीत लावू नये. कुंडीत लावावी आणि पाने वाळताच कुंडी वळचणीला सरकवावी.

रोहिणी नक्षत्र लागले की लागवड करावी. गड्डा डोळा वर करून दोन-तीन इंच खोल, दोन गड्ड्यांत फूटभर अंतर, माती पाण्याचा निचरा होणारी. खोडाला चिकटून मिट्ट काळोखात लावू नका. पानांतून कवडसे पडतात अशी झाडाच्या घेराची कड निवडा. मृगाचा पाऊस पुढचे काम करतो. पाने गुंडाळलेली दिसली तर फवारणीची घाई नको. ती ग्रास डेमन फुलपाखराची अळी असू शकते; गुंडाळी उलगडून पाहावी. बेणे रोपवाटिकेतून किंवा कोणाच्या बागेतले बेट विभागून घ्यावे. जंगलात ती भरपूर दिसते, चार कंदांनी काय होणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कंद उपटला की पुढच्या वर्षीचे झाडच जाते, आणि राखीव वनात हा गुन्हाही आहे.

सहा-सात महिने जागा उघडी दिसते, हा आक्षेप खरा आहे. तिथे पालापाचोळा पसरून द्यावा, तोच पुढे खत होतो. पाने वाळण्याआधी प्रत्येक बेटाजवळ एक खुंटी मात्र रोवा, नाहीतर फेब्रुवारीत आळे खणताना कुदळ नेमकी त्याच गड्ड्यावर पडते.